बहादूरगडचं इंजिन

दाजी, ते इंजिन बहादूरगडला नाही.

कधी नव्हतंच. बहादूरगडला माझा कुणी मित्र नाही. त्याचं गोडाऊन नाही. गोडाऊनच्या मागच्या भिंतीशी, लाकडी ठोकळ्यांवर, ताडपत्रीखाली तुमच्या गाडीचं इंजिन सुखरूप ठेवलंय असं मी तुम्हाला सहा वर्षं सांगत आलो. ते ठोकळे आणि ती मागची भिंत मी आर. के. पुरमहून पालमला येताना स्कूटरवर बसल्या बसल्या रचली होती. हे तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं. तुम्हाला जाऊन आज चाळीस दिवस झाले आणि आता मी कागद पुढे घेतलाय.

पेपरात द्यायचा मजकूर पल्लवीने लिहिला. तुमच्या लेकीचं मराठी आपण समजतो तितकं वाईट नाही. गाव, पलटण, हवालदार म्हणून किती वर्षं, मागे कोण कोण, सगळं बरोबर होतं. गाडीचा उल्लेख नव्हता. "मामा, काही राहिलंय का?" असं तिने विचारलं, तेव्हा मी चष्मा पुसत "ठीक आहे" म्हणालो. गाडी आली असती तर पाठोपाठ इंजिनही आलं असतं.

मी दिल्लीत आलो तो एक ट्रंक आणि नोकरीची ऑर्डर घेऊन. क्वार्टर मिळेपर्यंत आठ महिने तुमच्या कॅन्टोन्मेंटमधल्या दोन खोल्यांत राहिलो. बायकोचा भाऊ म्हणजे चार दिवस गोड, पण तुम्ही आठ महिन्यांत कपाळाला आठी पाडली नाहीत. रविवारी सकाळी तुमच्या दोस्ताची जुनी जीप मागून आणायचात आणि मला चालवायला शिकवायचात. क्लच सोडताना जीपने गचका दिला की डोळे मिटून म्हणायचात, "साहेब, तिला लागतं." मी तेव्हा साधा क्लार्क होतो. पुढे सेक्शन ऑफिसर झालो तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणालात, "मी काय उगाच म्हणत होतो होय?"

आणि मग पाहुणी आली. रिटायर झाल्यावर तुम्ही वसंत विहारच्या एका म्हाताऱ्या साहेबांच्या गाड्या बघत होता. साहेब गेले, मुलं परदेशात, बंगला पाडायचं ठरलं. मागच्या शेडमध्ये पंचवीस वर्षं धूळ खात पडलेली ती अमेरिकन गाडी मुलांनी तुम्हाला देऊन टाकली. दोन दरवाजे, लांबलचक नाक, आठ सिलिंडरचं इंजिन, चारही टायर बसलेले. ट्रॅक्टरच्या मागे साखळीने बांधून तुम्ही ती पालमच्या गल्लीत आणलीत तेव्हा पोरं तिच्यामागून वरातीसारखी चालत होती. ठेवायला जागा नव्हती म्हणून तुम्ही घराची पुढची भिंत फोडली, शटर बसवलं आणि बैठकीची खोली तिला दिलीत. त्या दिवसापासून ताई आल्यागेल्याला स्वयंपाकघरात बसवून चहा देऊ लागली. "चार दिवसांची म्हणून आली आणि हॉल बळकावून बसली," असं म्हणत तिनेच गाडीचं नाव पाहुणी ठेवलं.

आपलं भांडण पहिल्या महिन्यातच सुरू झालं. मला ती गाडी पळवायची होती. लहानपणापासून अशी गाडी मी फक्त चित्रात पाहिलेली. तिच्यावर काळे पट्टे मारावेत, रुंद चाकं लावावीत, एक्स्प्रेसवेवर नेऊन पाय दाबावा, मागच्यांनी आवाज ऐकून काचा खाली कराव्यात, असं सगळं माझ्या डोक्यात होतं. तुमच्या डोक्यात वेगळंच. "हिला नटवायचं नाही. हिला बरी करायचीय."

"दाजी, थोडा मॉडर्न विचार करा यार."

"बरी झाली की मग विचार करू."

आणि तुम्ही बरी करायला बसलात ते कसे! एकेक नट काढायचा, रॉकेलमध्ये धुवायचा, कागदात गुंडाळायचा, वर चिठ्ठी. शिवाय वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, वर्कशॉपमधल्यासारखी. प्रत्येक कामाची एक ओळ आणि पुढे दोन रकाने, 'केले' आणि 'तपासले'. करणाऱ्याने पहिल्यात सही करायची, दुसऱ्या माणसाने स्वतः हात लावून बघायचं आणि मगच दुसऱ्यात. मी एकदा न बघताच पेन उघडलं, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. तेव्हाच ती पहाडातल्या ट्रकची गोष्ट सांगितलीत. ब्रेक एकाने बसवले, दुसऱ्याने चहा पिता पिता सही केली, आणि तिसराच माणूस घाटातून खाली गेला. तो तिसरा तुमच्या बराकीतला होता. "सही म्हणजे मी पाहिलं," तुम्ही म्हणालात. मी तीस वर्षं सरकारी फायलींवर सह्या करतोय, पण सहीचा एवढा साधा अर्थ मला ऑफिसात कुणी सांगितला नव्हता.

इंजिन जाम होतं. पार जाम. तुम्ही प्लगच्या भोकांतून तेल सोडायचात आणि दर काही दिवसांनी पुढून मोठा पाना लावून ते फिरतंय का बघायचात. दोन वर्षं हेच. ताई म्हणायची, "मला गुडघ्याला लावायला तेल नाही आणि ती बघ, पितेय." एका मंगळवारी तुमचा ऑफिसात फोन आला, मी मीटिंगमधून धावत बाहेर आलो, मला वाटलं ताईला काही झालं. तुम्ही ओरडत होता, "साहेब, हललं! केसभर हललं!"

मी वैतागलो, दाजी. दोन वर्षांत एक केस. या हिशेबाने गाडी माझ्या नातवाला चालवायला मिळाली असती. तुम्हाला मात्र मी "अरे वा" म्हणालो. आधी ते "अरे वा" खोटं होतं, बाकीचं मागाहून आलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत तुमच्या आईचं दुखणं निघालं आणि तुम्ही गावी गेलात. चार महिने. जाताना शटरची किल्ली माझ्या हातात दिलीत. "तेल तेवढं बघ." आणि स्टेशनवर, गाडी हलता हलता, तुम्ही उगाचच म्हणालात, "माझ्या हयातीत ती चालू होते का नाही कुणास ठाऊक." ते वाक्य मी पुढे फार वापरलं. स्वतःशीच. मी जे केलं ते त्या वाक्यासाठी केलं, तुम्हाला आनंद व्हावा म्हणून केलं, असं मी कित्येक वर्षं मानत होतो. थोडं खरंही आहे ते. पण पट्टे मारायचेच होते मला.

मायापुरीच्या भंगारबाजारात बिट्टू म्हणून एक मिस्त्री होता. त्याने येऊन बॉनेट उघडलं, एक ठोका मारला आणि म्हणाला, "अंकल, ये तो लोहा है. इसमें जान नहीं." त्याच्याकडे एका ठोकलेल्या मोठ्या गाडीचं जपानी इंजिन होतं. तीन आठवड्यांत त्याने ते बसवलं, बॉनेटवर दोन काळे पट्टे मारले, आणि सेल्फ मारल्याबरोबर पाहुणी अशी गुरगुरली की वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. मला नाचावंसं वाटलं. तुमचं इंजिन तेव्हा दारात, नालीच्या कडेला पडलं होतं. बिट्टू टेंपोत सामान भरता भरता म्हणाला, "ये ले जाऊँ? जगह घेर रहा है."

मी म्हणालो, "ले जाओ."

एवढंच, दाजी. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही, मी गडबडीत नव्हतो, मला कुणी फसवलं नाही. मी वळून बॉनेटवरचे पट्टे बघत होतो.

तुम्ही आलात त्या दिवशी गल्लीतले सगळे जमले होते. मी शटर वर केलं, गाडी सुरू केली. तुम्ही बॅग खांद्यावरून न उतरवता जवळ आलात, बॉनेटवर हात ठेवलात, मान वाकडी करून आवाज ऐकलात. मला वाटलं आता पाठीवर थाप पडणार. तुम्ही म्हणालात, "चांगलं बसवलंय." बॉनेटवरचा हात काढलात. मग, "जुनं कुठंय?"

तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. आईला पोचवून आलेला माणूस जसा दिसतो तसेच तुम्ही दिसत होता, पण हा चेहरा आईसाठीचा नव्हता, ते मला कळलं. आणि मी घाबरलो. सकाळी मेट्रोच्या पाटीवर एक नाव वाचलं होतं, तेच तोंडात आलं. "बहादूरगडला. मित्राच्या गोडाऊनमध्ये." नेमकं तेव्हा पालमच्या सवयीप्रमाणे डोक्यावरून विमान गेलं. तुम्हाला ऐकू आलं नाही. तुम्ही विमान जाईपर्यंत थांबलात आणि कानामागे हात धरून विचारलंत, "कुठं?"

देवाने मला एवढी संधी दिली होती. पहिल्यांदा बोललो ते जीभ घसरली म्हणून सोडून देता आलं असतं. दुसऱ्यांदा मी मोठ्याने, स्पष्ट बोललो, आणि वर ताडपत्रीही घातली. तुमचा चेहरा सैल झाला. "मग हरकत नाही," तुम्ही म्हणालात आणि बॅग खाली ठेवलीत.

पुढच्या आठवड्यात मी मायापुरीला गेलो. बिट्टू हात पुसत म्हणाला, "वो तो उसी हफ्ते कट गया, अंकल. गल भी गया होगा." तरी मी तासभर त्या गल्ल्यांतून फिरलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इंजिनांचे ढीग होते. तसंच दुसरं शोधायचंही मनात होतं, पण तुमच्या इंजिनावरचा नंबर तुम्हाला तोंडपाठ होता. शेवटचे चार आकडे तर तुम्ही पल्लवीच्या रोल नंबरसारखे सांगायचात. कुठलंही आणून ठेवलं असतं तरी तुम्ही पहिल्यांदा तिथेच बोट फिरवलं असतं.

त्या दिवाळीला तुम्ही वही पुढे केलीत. 'इंजिन (बहादूरगड). तेल सोडणे.' तुम्ही म्हणालात, "वर्षातून दोनदा. दिवाळी आणि पाडवा. तू जाऊन ये, तुझा मित्र आहे." मी गेलो. म्हणजे आर. के. पुरमच्या मार्केटमध्ये जाऊन छोले-कुलचे खाल्ले आणि तीन तासांनी पालमला येऊन 'केले'च्या खाली सही केली. मला वाटलं 'तपासले' तुम्ही रिकामं ठेवाल, किंवा स्वतः जाऊन बघायचं म्हणाल, आणि एकदाचं सगळं उघडं पडेल. तुम्ही पेन घेतलंत आणि सही केलीत. मी म्हणालो, "दाजी, तुम्ही पाहिलं कुठे?" तुम्ही हसलात. "तू पाहिलंस ना? मग माझंच बघणं झालं की."

दाजी, तुमच्या उभ्या जन्मात तुम्ही न बघता सही केली असेल तर ती या वहीत. अकरा वेळा. एक पाडवा चुकला, लॉकडाऊन लागला होता. सगळं जग जीव मुठीत धरून बसलं होतं आणि मला मात्र हायसं वाटत होतं की आता काही महिने कुणी बहादूरगडचं नाव काढणार नाही. अशा माणसाला तुम्ही रोज फोन करून विचारत होता, भाजी मिळते का, दूध मिळतं का, येऊ का घेऊन.

मग तो नियम आला. पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी दिल्लीत रस्त्यावर काढायची सोय नव्हतीच. पाहुणी शटरच्या आतच गुरगुरायची. पण पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांना वेगळी नोंदणी मिळणार, हे तुम्ही पेपरात वाचलंत. अट एकच, गाडी मूळ रूपात हवी. बॉडी तीच, इंजिन तेच. तुम्ही ते कात्रण मला वाचून दाखवलंत आणि लहान मुलासारखे मांडी थोपटत म्हणालात, "आपलं तर ठेवलंयच!"

महिन्याभरात तुम्ही छताला चेनकप्पी लावून जपानी इंजिन उतरवलंत. पट्टे पॉलिशने घासून काढलेत, तीन रविवार लागले, उन्हात अजून किंचित दिसतात. लोखंडी अँगल कापून तुम्ही स्टँड वेल्ड केलात, खाली चाकं, वर इंजिन चढवायला चार भोकं. मोजमाप पाठ असल्यामुळे भोकं इंजिन नसतानाही बरोबर पाडलीत. स्टँडला राखाडी रंग दिलात आणि गाडीच्या नाकासमोर ठेवलात. तेव्हापासून तो रिकामा आहे. ताई त्यावर कधीकधी धुतलेली चादर वाळत घालायची आणि तुम्ही रागवायचात.

माझ्याकडे कारणं कधी कमी पडली नाहीत. ऑफिसात मी तेच करतो, फाईल कशी थांबवायची हे मला माहीत आहे. मित्र कॅनडाला गेलाय. समोर माल रचलाय. किल्ली त्याच्या मेहुण्याकडे आहे. एकदा तुम्ही ऐकलंच नाही. टेंपो ठरवलात, इस्त्रीचा शर्ट घालून, दोर आणि नवी ताडपत्री घेऊन सकाळी गेटवर उभे राहिलात. मी स्कूटर लावली आणि तुमच्याकडे न बघता म्हणालो, मित्राची आई गेली. तुम्ही दोर खाली ठेवलात. टेंपोवाल्याला हात जोडून परत पाठवलंत. नसलेल्या मित्राची नसलेली आई मी मारली, आणि तुम्ही पुढे दहा दिवस विचारत राहिलात, "दहावा झाला का त्यांचा? आपल्याकडून कुणी गेलं का?" ताईने तर मला डबा दिला होता, त्यांच्याकडे सुतकात कोण करणार म्हणून. तो डबा मी बसस्टॉपवर बसून खाल्ला. शेवटच्या घासापर्यंत संपवला, कारण भरलेला परत नेता येत नव्हता.

संक्रांतीला काला अंबला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला, जायचा तुमचा नेम. पलटणीतले जुने लोक बसने जायचे. दोन वर्षांपूर्वी तुमचे गुडघे दुखत होते म्हणून मी माझ्या गाडीने नेलं. धुकं इतकं होतं की मुरथलपर्यंत आपण पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागे गेलो. तिथे पराठ्यावर लोणी चोळत तुम्ही सांगितलंत, पाहुणीची पहिली फेरी काला अंबलाच आणायची. मग स्मारकापाशी तुम्ही टोपी काढून उभे राहिलात. महाराष्ट्रातून आलेली पोरं घोषणा देत होती. मी म्हणालो, हरलेल्या लढाईला एवढी गर्दी. तुम्ही रागावला नाहीत. "हरले म्हणून न्हाई येत कुणी. एवढ्या लांब आले होते, म्हणून येतो आपण."

परतताना मी गाडी कडेला घेतली. आता बोलायचंच असं ठरवलं होतं. म्हणालो, "दाजी, ते इंजिन..."

तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात. "घाई नको करूस. तुझ्या मित्राला अडचण असेल. एवढी वर्षं सांभाळलं त्याने, आपण त्याचे उपकार मानायला पाहिजेत."

मी गिअर टाकला. क्लच सोडताना गचका बसला आणि तुम्ही डोळे मिटून हसलात. त्या दिवशी मी बोललो असतो तर तुम्ही काय केलं असतं? मला खरंच माहीत नाही. कदाचित उतरून चालत गेला असता. कदाचित म्हणाला असता, ठीक है, दुसरं शोधू, आणि आपण दोघांनी मिळून शोधलं असतं. माझ्या भित्रेपणाने इंजिन गेलंच, पण तुम्हाला रागावण्याचा हक्क होता, तोही मी घेतला. चिडला असता, दोन महिने बोलला नसता, मग एखाद्या रविवारी फोन केला असता. मला तुमचा तो राग आज हवा आहे.

हॉस्पिटलात तुमच्या नाकात नळी होती. ताई औषधं आणायला खाली गेली होती. तुम्ही बोटाने जवळ बोलावलंत. मला वाटलं ताईबद्दल, पल्लवीच्या लग्नाबद्दल काही सांगणार.

"दिवाळीचं तेल सोडलंस?"

"सोडलं, दाजी."

"सही?"

"तुम्ही घरी आलात की करू."

तुम्ही मान हलवलीत. समाधानाने. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. म्हणजे तुमच्या-माझ्यात शेवटचं जे बोलणं झालं ते असं आहे, आणि आता ते बदलता येत नाही.

तेरावा झाल्यावर ताईने मला तुमची ट्रंक उघडायला सांगितली. मी बैठकीत, म्हणजे पाहुणीच्या खोलीत, जमिनीवर बसलो. आत पिस्टनच्या रिंगा होत्या, तेलकट कागदात. गॅस्केट, नवे बोल्ट, प्रत्येकावर चिठ्ठी. तुम्ही कुठून कुठून मागवलं असेल! सगळ्यात खाली वही. शेवटची पानं मी कधी पाहिली नव्हती. वर शीर्षक होतं: 'इंजिन आल्यावर. (मी नसलो तर विनयने करणे.)' त्याखाली एकेचाळीस पायऱ्या. पहिली, 'इंजिन स्टँडवर चढवणे. चार बोल्ट. घाई करू नये.' मधे एका ठिकाणी, 'इथे विनय कंटाळेल. चहा घ्यावा.' मी तिथे रडलो. त्याआधी रडलो नव्हतो. पल्लवी दारात येऊन उभी राहिली, "मामा, काय झालं यार," आणि मी पान उलटलं.

शेवटची पायरी अशी होती: 'पहिली फेरी. काला अंब. पुढे सौ. मागे मी आणि पल्लवी. चालवणार विनय.'

मला वाटायचं ती गाडी तुम्हाला चालवायची आहे.

मी आणखी काही दिवस गप्प बसलो, तेवढा निर्लज्जपणा शिल्लक होता. मग परवा ताई वाटाणे सोलत होती आणि अगदी सहज म्हणाली, "आता ते इंजिन आणून टाक हं. ह्यांचा जीव अडकला होता त्यात." मी सांगितलं. मायापुरी, बिट्टू, विमान, मित्राची आई, तिचा डबा, सगळं. ती सोलत राहिली. एका शेंगेवर तिचं बोट अडलं.

"सहा वर्षं?" ती म्हणाली. "त्यांच्या तोंडावर?"

"हो."

"आणि त्यांना सांगितलं नाहीस."

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस, विन्या? मी माफ केलं की तू मोकळा, असंच ना? मी नाही करणार. ज्यांना सांगायचं त्यांना सांग जा."

आणि ती ताट घेऊन आत गेली. म्हणून हे लिहितोय, दाजी. तुम्ही हे वाचणार नाही एवढी अक्कल मला आहे. पण ताईचं बरोबर होतं. इतके दिवस मी जो दिसेल त्याच्यासमोर दुःखी चेहरा करून बसत होतो, आणि लोक म्हणत होते, मेहुण्याने सख्ख्या भावासारखं केलं. मी ऐकून घेत होतो.

आज सकाळी पालमला गेलो. शटर वर केलं. पाहुणी नाक उघडं टाकून उभी होती, समोर स्टँड. वहीतलं ते बहादूरगडचं पान काढलं. अकरा ओळी, माझ्या अकरा सह्या, शेजारी तुमच्या अकरा, त्या सुबक, प्रत्येक अक्षर सुटं. माझ्या सह्यांवर मी एकेक करून रेघ मारली. तुमच्या सह्यांना हात लावला नाही. माझ्यामुळे खोट्या ठरल्या तरी त्या तुमच्या आहेत.

खाली बारावी ओळ तुम्ही आधीच आखून ठेवली होती, या दिवाळीसाठी. काम लिहायची जागा कोरी होती. मी तिथे लिहिलं: 'मूळ इंजिन मायापुरीत भंगारात दिले. बहादूरगडला काहीही नाही.' 'केले'च्या खाली सही केली. पूर्ण नाव लिहिलं.

ताई दारात येऊन बघत होती. मी वही तिच्याकडे सरकवली आणि पेन पुढे धरलं. मला वाटत होतं तिने तरी करावी. तिने पदराने चष्मा पुसला, ओळ वाचली, बोट ठेवून परत एकदा वाचली. मग पेनाला टोपण लावलं.

"मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

वही मी स्टँडवर ठेवली आहे, उघडी. डोक्यावरून विमानं जातायत. 'तपासले'चा रकाना रिकामा आहे, दाजी.